संगूची पाच पाणी

ज्यांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा उद्या-परवा बदलायचा आहे, त्यांनी आधीचं सगळं सोडून ‘माझी चूक’ या भागापासून वाचायला घ्यावं. त्यांना वेळ नसतो हे मला माहीत आहे. बाकीच्यांनी सावकाश वाचलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. जळकोटपासून पाच किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेणं, त्यात फॅट किती ते काढणं, रजिस्टर लिहिणं हे माझं काम. मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. ही सवय त्या आजारपणात कामाला आली, आणि कामातल्याच एका गोष्टीनं माझा घातही केला. दोन्ही सांगणार आहे. इथले आकडे माझ्या वहीतले आहेत आणि ते फक्त माझ्या मुलीचे आहेत. तुमच्या मुलाचे वेगळे असतील, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

नवी चप्पल

ही गोष्ट शहाऐंशी सालची. माझी मुलगी संगीता, घरात संगू, तेव्हा आठ वर्षांची होती. तिसरीत शिकत होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. दोन्ही वेळचं मिळून चारशे लिटर दूध यायचं, ते नव्वदवर आलं होतं. पाण्याचा टँकर आला की सगळ्या आळीबरोबर संगूही कळशी घेऊन पळायची.

आठवडाभर ताप आणि जुलाब होऊन ती बरी झाली होती. त्यानंतर एका सकाळी माझी बायको शकुंतला म्हणाली, “अवं, पोरगी पाय वढतीय.”

मी पाहिलं. म्हणालो, “नवी चप्पल हाय. ढिली हुतीय.”

दोन दिवसांनी संगू उंबऱ्यात पडली. उठता येईना. तीच हसत होती, म्हणाली, “आण्णा, पायाला मुंग्या आल्यात, जातील.” मुंग्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हातही जड झाले. ते चपलेचे दोन दिवस माझ्या नावावर आहेत. शकुंतलेनं ते मला कधी बोलून दाखवले नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्यांनी पुन्हा मारली, पाय तसाच. गावाकडून आलेल्यांपैकी कुणी पोलिओ म्हणालं, कुणी वारं गेलं म्हणालं. चौथ्या दिवशी पाणी पिताना ते नाकातून बाहेर आलं आणि तिचा आवाज बारीक झाला. त्याच दुपारी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून आम्हाला रुग्णवाहिकेनं पुण्याला पाठवलं.

नाव कळलं तो दिवस

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ज्या डॉक्टरीणबाई होत्या त्या माझ्याच वयाच्या असतील. त्या उभ्यानं बोलल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या. मी गेल्या पाच दिवसांत सात डॉक्टर पाहिले होते. बसून बोलणाऱ्या ह्या पहिल्या.

त्या म्हणाल्या, “ह्याला आम्ही जी. बी. म्हणतो. रानात राखणदार ठेवतो ना आपण? शरीरातही असतात. ताप आला तेव्हा ते जंतूंवर धावून गेले, आणि आता चुकून तिच्याच नसांवर धावतायत. त्यांचं जे विष आहे ते रक्तातल्या पाण्यात असतं. त्या पाण्याला प्लाझ्मा म्हणतात. ते काढून दुसरं घालायचं.”

मी विचारलं, “आतापर्यंत किती जणांवर केलंय?”

त्यांनी आकडा सांगितला. तो मोठा नव्हता, आणि त्यात एवढं लहान मूल एकही नव्हतं. किती बरे झाले ते सांगितलं, आणि जो वाचला नाही त्यालाही मोजलं. हिशेबातून तो गाळला असता तरी मला कळलं नसतं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथं.

मग त्यांनी अडचण सांगितली. “दोन्ही हातांत सुया घालून एक पिशवी रक्त काढायचं, ते मशीनमध्ये फिरवायचं, वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि खालचं लाल रक्त नव्या प्लाझ्माबरोबर तिला परत द्यायचं. असं एका दिवशी दोन-तीनदा. तेवढा वेळ तिनं स्वस्थ पडायला हवं. ती बिथरली तर ताकद कमी असली तरी सुई निघते, पिशवी वाया जाते. आणि मी तिला झोपेचं औषध देऊ शकत नाही. श्वास आधीच उणा आहे.”

म्हणजे सगळं संगूच्या कबुलीवर होतं. आठ वर्षांच्या मुलीच्या.

एका श्वासात

वॉर्डात सरवदे सिस्टर होत्या. पहिल्याच दिवशी आमचं बोलणं ऐकून त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “कुठलं वो तुमी? मी लोहाऱ्याची.” त्यांचे वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर पोरींच्या शिक्षणाला नाही म्हटलं नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. तीनशे किलोमीटरवर आपली बोली कानावर पडली आणि शकुंतला त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

संगूचा श्वास किती उरलाय ते बघायची त्यांनी एक रीत शिकवली. भरपूर श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात एक-दोन-तीन म्हणत जायचं. जिथं थांबावं लागेल तो आकडा लिहायचा. दर दोन तासांनी. वही माझ्याकडं आली.

पहिला आकडा तेरा.

दुसऱ्यांदा संगूनं “एकदोनतीनचारपाच” असं घाईनं उरकून सतरापर्यंत नेलं आणि विजयानं माझ्याकडं बघितलं. सिस्टर म्हणाल्या, “अगं लबाडे, पाढे म्हणतीस व्हय? माझ्या ठोक्यावर म्हण.” त्यांनी खाटेच्या लोखंडी दांड्यावर चावीनं ठोके दिले. बारा.

शकुंतला हळूच मला म्हणाली, “सतराच लिवा की. लेकरू एवढं म्हनलं.”

मी बारा लिहिला. डॉक्टरीणबाईंनी संगूसाठी आकडा ठरवून दिला होता, आठ. त्याखाली गेलं की घशात नळी घालून श्वासाच्या मशीनला जोडायचं. त्या म्हणाल्या, “त्यात घाबरण्यासारखं नाही, पण तिथवर जायला नको.” दुसऱ्या सकाळी दहा आला.

माझी चूक

प्लाझ्मा बदलायचं ठरलं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. सरवदे सिस्टर मला म्हणाल्या, “भाऊ, तिला आजच सांगून ठेवायचं. उद्या एकदम सुई दिसली तर बिथरंल. मी पाचला ड्यूटी संपवून येते, मग दोघं मिळून सांगू.”

मी पाचची वाट पाहिली नाही. मला वाटलं, हे तर माझ्याच धंद्यातलं आहे, माझ्याइतकं चांगलं कोण सांगणार?

आमच्या संस्थेत हातानं फिरवायचा सेपरेटर आहे. डेअरीच्या टँकरनं न घेतलेलं दूध त्यात घालतात. एका तोटीतून साय येते, दुसरीतून सेपरेट दूध. सायीच्या तोटीखाली भांडं धरायचं काम संगूचं लाडकं.

मी म्हणालो, “आपला सेपरेटर हाय का न्हाय, तसंच इथं मशीन हाय. तुझं रक्त त्यात घालायचं, फिरवायचं. वरचं काढून घ्यायचं, खालचं तुला परत.”

“वरचं कुनाला?”

“दवाखान्याला.”

“दुखतंय का?”

“अजिबात न्हाय.”

ती “बरं” म्हणाली. मी वहीत लिहिलं, ‘संगूला सांगितलं. समजलं.’

पाचला सिस्टर आल्या तेव्हा संगूनं मान भिंतीकडं वळवली होती. मान तेवढी वळत होती. आकडे म्हणायला तयार नाही, डोळे उघडायला तयार नाही. सकाळी हाताला रबरी पट्टी बांधली तशी तिनं डोकं दोन्ही बाजूंना आपटायला सुरुवात केली. रडणं दिसत होतं, आवाज येत नव्हता. मुलाचं बिनआवाजी रडणं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. पट्टी सोडली. म्हणाल्या, “जबरदस्ती नको. आज चार वाजेपर्यंत थांबते. त्यापुढं नाही थांबता येणार.”

आदल्या दुपारी म्हटलेला शेवटचा आकडा नऊ.

डाळ

सरवदे सिस्टर खाटेच्या काठावर बसल्या. त्यांनी ‘का रडतेस’ असं विचारलं नाही. ‘घाबरू नको’ म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आण्णानं काय सांगितलं ते मला सांग बरं. मला मशीनचं काय बी ठाऊक न्हाय असं समज.”

मग संगू बोलली. दोन शब्द, श्वास, दोन शब्द.

“माझी साय काढून घेनार. मला सेपरेट ठिवनार.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सेपरेट म्हणजे?”

त्यांना कुठून कळणार? आमच्याकडं साय गेल्यावर उरतं ते सेपरेट दूध वासराला पाजतात. ज्याच्या अंगात दम नाही त्याला “सेपरेटवर वाढलंय” म्हणतात. वरचं ते चांगलं, ते काढून नेतात. खालचं पाणचट, ते आपल्याला. हे संगूनं रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. मी सांगितलेलं तिला पक्कं समजलं होतं. तिच्या अंगातलं उरलंसुरलं चांगलं दवाखाना काढून घेणार आणि तिला सेपरेट करून सोडणार, असंच मी सांगितलं होतं.

शकुंतला इतक्या दिवसांत माझ्यावर एकदाही चढली नव्हती. ती आता चढली. “आवं, काय सांगितलंत लेकराला? लेकराचं रक्त म्हंजी काय डेरी हाय का तुमची?”

सगळा वॉर्ड बघत होता.

मग ती संगूजवळ वाकली. शकुंतला चौथी शिकलेली. प्लाझ्मा हा शब्द तिला आजही नीट म्हणता येत नाही. ती म्हणाली, “संगू, इकडं बघ. म्या डाळ कशी धुती?”

संगूनं मान तिच्याकडं वळवली.

“पाण्यात डाळ टाकती, चोळती. पानी कसं हुतं? गढूळ. मग काय टाकून देती, डाळ का पानी?”

“पानी,” संगू म्हणाली.

“आन् डाळ?”

“ऱ्हाती.”

“ऱ्हाती. तुझी लाल डाळ हाय, ती सगळी तुला परत. गढूळ पानी तेवढं काढायचं आन् नवं पानी घालायचं. एवढंच हाय ते. साय-बीय काय न्हाय.”

संगूनं विचार केला. मग म्हणाली, “डाळीचं पानी आपन टाकत न्हाय. म्हशीला घालतो.”

हे खरं होतं. त्या दुष्काळात आमच्याकडं कुठलंच पाणी टाकत नव्हते.

सरवदे सिस्टर म्हणाल्या, “हे पाणी म्हशीला द्यायचं न्हाय. म्हशीचे पाय लुळे पडतील.”

संगूच्या तोंडाची एक बाजू तेव्हा नीट हलत नव्हती. ती दुसऱ्या बाजूनं हसली.

“किती पान्यात धुनार?”

शकुंतलेनं डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “पाच. एक दिवसाआड.”

“आई चार पान्यात धुती.”

“तुझी डाळ लई घान झालीया,” सिस्टर म्हणाल्या.

मग संगूनं सिस्टरना तोच प्रश्न विचारला जो आदल्या दिवशी मला विचारला होता. “दुखतंय का?”

सिस्टरनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “व्हय. सुई शिरताना दुखतंय, मुंगळा चावल्यावानी. तुझ्या शिरा बारीक हैत, एका सुईत सापडंल असं न्हाय. मग हात जड पडंल, थंडी वाजंल, ओठाला मुंग्या येतील. तसं झालं की मला सांगायचं, माझ्याजवळ औषध हाय. आन् तू ‘थांबा’ म्हनलीस की आमी थांबनार. दहा मोजंस्तोवर. दहा झाले की पुन्हा सुरू. कबूल?”

“आण्णा तर म्हनले, दुखत न्हाय.”

“आण्णाला कुठं टोचलंय अजून?”

आण्णांना टोचलं

संगूला द्यायचा प्लाझ्मा रक्तदात्यांकडूनच येणार होता, आणि माझा गट तिचाच. मला रक्त द्यायचंच होतं. सिस्टरनी काय केलं, संगूला ट्रॉलीवर घेतलं आणि रक्तपेढीत माझ्या शेजारी नेऊन उभी केली ट्रॉली. तिला सगळं जवळून दाखवलं: पट्टी, सुई, नळी, भरत जाणारी पिशवी.

मी आयुष्यात तोवर रक्त दिलेलं नव्हतं. सुई शिरली तसा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

“आण्णा भ्याले,” संगू म्हणाली.

“भ्यालो न्हाय. तारीख बघतोय.”

“आण्णा, दुखतंय का?”

आता खोटं बोलायला जागा नव्हती. “दुखतंय,” मी म्हणालो. “पण आता कमी झालंय.”

ती समाधानानं माझ्या दंडाकडं बघत राहिली. आदल्या दिवशीच्या माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा हे कामाचं ठरलं. माझा प्लाझ्मा तिच्या दुसऱ्या पाण्याला लागला.

पहिलं पाणी

चारला दहा मिनिटं कमी असताना सुरुवात झाली. शिरा सापडायला वेळ गेला. पण डोकं आपटलं नाही तिनं. डोळे मिटून पडली होती. शकुंतला तिच्या उशाशी बसून कानात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव असेल.

पिशवी भरली आणि सिस्टर ती मशीनच्या खोलीकडं नेऊ लागल्या, तेव्हा संगू म्हणाली, “थांबा.”

सिस्टर थांबल्या.

“दुसऱ्याची आनून द्याल.”

पिशवीवर नावाची चिठ्ठी होती, नंबर होता. मी तो नंबर तिला वाचून दाखवला. पण चिठ्ठ्या सगळ्याच पिशव्यांवर होत्या, हे तिनं पाहिलं होतं. सिस्टर शकुंतलेला म्हणाल्या, “वहिनी, टिकलीचं पाकीट हाय का?” आणि पिशवीच्या कोपऱ्यावर एक हिरवी टिकली लावली. “ही तुझी. दुसऱ्या कुणाच्या पिशवीला टिकली न्हाय.”

पाऊण तासानं हिरव्या टिकलीची पिशवी परत आली. आता ती घट्ट आणि गडद दिसत होती. वेगळं काढलेलं पाणी संगूला बघायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते आणून दाखवलं. पिवळसर, थोडं धुरकट. संगू म्हणाली, “लईच घान निघालंय.” खरं तर बघून तसं काही कळत नाही, असं बाई मला नंतर म्हणाल्या. पण त्या वेळी त्यांनी मान हलवली.

असं त्या दिवशी दोनदा झालं. ओठाला मुंग्या आल्या, तिनं सांगितलं, सिस्टरनी औषध दिलं. थंडी वाजली, शकुंतलेनं आपलं दुसरं लुगडं घडी करून तिच्यावर घातलं. सिस्टरची ड्यूटी पाचला संपायची. त्या साडेसातला गेल्या.

त्या संध्याकाळचा आकडा नऊ. दुसऱ्या सकाळी पुन्हा नऊ. मला वाटलं होतं, धुतल्यावर लगेच वाढेल. तसं होत नाही. हे लिहून ठेवतो, कारण त्या दोन नवांच्या मधल्या वेळात मी सगळी आशा सोडली होती, आणि तसं करायचं काही कारण नव्हतं. खाली आला नव्हता, हेच पुष्कळ होतं.

निवृत्तीकाकांचा डबा

दुसऱ्या पाण्यानंतरही नऊच. तिसऱ्यानंतर अकरा.

अकरा आला तेव्हा मी सिस्टरना पुन्हा ठोके द्यायला सांगितले. पुन्हा अकरा.

एव्हाना सगळा वॉर्ड पाण्याच्या हिशेबात बोलत होता. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या की विचारायच्या, “आज कितवं?” त्यांच्याबरोबरचे शिकाऊ डॉक्टर कागदावर काहीतरी इंग्रजी लिहायचे, पण तोंडानं ‘पाणी’च म्हणायचे.

चौथ्या पाण्याला माझ्या गटाचा आणखी एक माणूस हवा होता. मी संस्थेत निरोप पाठवला. कोण येईल याचा भरवसा नव्हता. चारा-पाणी सोडून पुण्याला यायचं म्हणजे जळकोटहून सोलापूर, तिथून पुणे, सगळा दिवस एस.टी.त. आले ते निवृत्तीकाका. त्याच वर्षी मी त्यांचा दुधाचा डबा लॅक्टोमीटर लावून दोनदा परत पाठवला होता, सगळ्या सभासदांसमोर. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते.

ते रक्त देऊन, दंडाला कापूस धरून संगूच्या खाटेपाशी आले. माझ्याकडं न बघता तिला म्हणाले, “पोरी, माझं रगात लई घट्ट हाय बरं. म्हशीच्या दुधावरचं. तुला जड जाईल.”

संगू म्हणाली, “मग पानी घालून द्या की काका. तुमची तर सवयच हाय.”

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. काका एवढ्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या खाटेवरचं तान्हं मूल जागं झालं. “बापाची लेक हाय,” ते म्हणाले, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून, “सचिव, हिला बसवा रजिस्टरावर.”

ते जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. शकुंतलेच्या आलं. ती म्हणाली, “आवं, येवढं वाक्य ती मधी न थांबता बोलली.”

चौथ्यानंतर चौदा. पाचव्या पाण्याच्या दिवशी सरवदे सिस्टरना रजा होती. दुसऱ्या सिस्टर नव्या होत्या, त्या एकाच हातावर शीर शोधत होत्या. संगू त्यांना म्हणाली, “त्या हाताला बगा. ह्या हातानं परवा लई तरास दिला. आन् म्या ‘थांबा’ म्हनले की दहा मोजायचे, बरं का.” त्या सिस्टरनी मोजले. पाचव्यानंतर सतरा.

श्वासाचं मशीन तिला लागलं नाही. पाय लगेच आले नाहीत. आम्ही घरी आलो तेव्हा ती माझ्या कडेवर होती. भिंतीला धरून उभी राहायला दोन महिने लागले, शाळेत चालत जायला सात. आज ती अकरा वर्षांची आहे. जिना उतरताना अजून कठडा धरते.

जे सांगायचं आहे

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून हे लिहिलं. त्या म्हणाल्या, आईबाप येतात आणि मुलाला काय सांगू म्हणून विचारतात. माझ्याजवळ सांगण्यासारखं थोडंच आहे. मुलाला आदल्या दिवशी सांगा, त्याच्या घरातल्या गोष्टीवरून सांगा, आणि सांगून झाल्यावर तेच त्याच्याकडून परत ऐका. मी ते ऐकलं नाही, म्हणून एक दिवस जवळपास गेला. दुखणार असेल तर दुखणार म्हणा. मूल दुखणं सोसतं. आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. आपलं खोटं मात्र त्याला सोसत नाही.

लिहून झाल्यावर मी हे संगूला वाचायला दिलं. तिच्याबद्दल आहे, तिला विचारायला हवं म्हणून. तिनं सगळं वाचलं, निवृत्तीकाकांजवळ हसली, आणि शेवटी म्हणाली, “आण्णा, पहिल्या दिवशी सुया किती टोचल्या ते लिवलं न्हाय.”

मी वही काढली. म्हणालो, “पाच.”

“नऊ व्हत्या.”

“वहीत पाच हैत. म्या स्वतः मोजल्यात.”

“पाचवीनंतर तुमी पानी आनायला बाहीर गेलता.”

गेलो होतो. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी परत आलो तेव्हा दोन्ही सुया बसल्या होत्या आणि पिशवी भरत होती. मी धरून चाललो होतो की पाचवीच बसली. तीन वर्षं तसंच धरून चाललो.

“तुला कसं ठाऊक? तुझे डोळे मिटले व्हते.”

“आई कानात सांगत व्हती की. ही सहावी. ही सातवी. झाली बघ आता.”

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. शकुंतला सुपात ज्वारी निवडत होती. मी विचारलं, “पहिल्या दिवशी सुया किती गं?”

तिनं मान वर केली नाही. “नऊ,” म्हणाली.

मी वहीतला पाच खोडून नऊ केला. खाडाखोड केली की शेजारी सही करायची, असा आमच्या संस्थेचा नियम आहे. सही केली.